रुडॉल्फ स्टायनर: एकाच विचारातून निघालेलं शेत आणि शाळा

पाणकळा (धागाकर्ती)

आपल्याकडे ऑस्ट्रियन तत्त्वचिंतक रुडॉल्फ स्टायनरचं नाव दोन वेगवेगळ्या दारांनी आत येतं. शेतीतल्या लोकांना तो गाईच्या शिंगात शेण भरून जमिनीत पुरायला सांगणारा माणूस म्हणून ठाऊक असतो. पालकांना तो वॉल्डॉर्फ शाळांमुळे भेटतो: लाकडी खेळणी, लोकरीचं विणकाम, पाठ्यपुस्तकं नाहीत, परीक्षा नाहीत. या दोन्ही गटांतली माणसं एकमेकांना फारशी ओळखत नाहीत आणि दोघांनाही वाटतं की समोरची गोष्ट हा स्टायनरचा जोडधंदा असावा. मला हे पटत नाही. शेत आणि शाळा या दोन्ही गोष्टी त्याच्याकडे एकाच पाहण्यातून आल्या. ते पाहणं बाजूला ठेवून नुसते प्रयोग उचलले तर हाती फार थोडं लागतं. त्यावर सविस्तर बोलायचं म्हणून हा धागा.

थोडी पार्श्वभूमी. स्टायनर १८६१ साली दोन्यी क्राल्येवेत्स या गावी जन्मला. गाव तेव्हा ऑस्ट्रियन साम्राज्यात होतं, आज क्रोएशियात आहे. वडील रेल्वेत तारबाबू. शिक्षण व्हिएन्नाच्या तंत्रशिक्षण संस्थेत, म्हणजे गणित, भौतिकशास्त्र, रसायन. विशी ओलांडताना त्याच्याकडे एक काम आलं, जर्मन कवी गटेच्या विज्ञानविषयक लेखनाचं संपादन. पुढे १८९० ते १८९७ तो वायमारच्या गटे दस्तऐवज-संग्रहात होता. माझ्या मते खरी सुरुवात इथे आहे, नंतरच्या गूढविद्येत नाही.

गटे कवी म्हणून माहीत असतो, पण त्याने १७९० साली वनस्पतींच्या रूपांतरावर एक निबंध लिहिला होता. त्याचं म्हणणं कुणालाही घरी ताडून पाहता येईल. कुंडीत धने पेरा आणि कोथिंबीर न खुडता वाढू द्या. खालची पानं रुंद, गोलसर, कडा किंचित कातरलेल्या. वर जावं तशी पानं चिरत जातात, आणि फुलोऱ्याजवळ तर ती बडीशेपेसारखी दोऱ्याएवढी बारीक होतात. सगळी पानं खुडून खालपासून वरपर्यंत क्रमाने कागदावर मांडा. एकेक पान सुटं पाहिलं तर वेगळ्याच झाडाचं वाटावं. ओळीने पाहिलं की मधली हालचाल दिसते, आणि ती हालचाल म्हणजेच ते झाड. गटे सांगतो की जिवंत वस्तू एका क्षणी पुरी दिसत नाही, तिला काळातून पाहावं लागतं.

स्टायनरने ही दृष्टी आधी मुलाकडे वळवली आणि मग जमिनीकडे. १९१९ ला शाळा, १९२४ ला शेती.

शाळेची गोष्ट अशी. पहिलं महायुद्ध संपलेलं, जर्मनी कोसळलेला. श्टुटगार्टमध्ये वॉल्डॉर्फ-अस्टोरिया नावाचा सिगारेटचा कारखाना होता. त्याचे चालक एमिल मोल्ट यांना कामगारांच्या मुलांसाठी शाळा काढायची होती आणि त्यांनी ते काम स्टायनरला सांगितलं. ७ सप्टेंबर १९१९ ला शाळा सुरू झाली तेव्हा २५६ मुलं होती, बहुतेक कारखान्यातल्या घरांची. मुलं-मुली एकत्र, मालकाचं आणि मजुराचं पोर एका बाकावर, बारा वर्षांचा सलग अभ्यासक्रम, शाळेचा कारभार शिक्षकांच्या हाती. तेव्हाच्या जर्मनीत दहाव्या वर्षाच्या सुमारास मुलांची वाट वेगळी केली जायची, कोण पुढे शिकणार आणि कोण कामाला लागणार ते ठरायचं. ही शाळा त्याच्या विरोधात उभी होती. आज 'वॉल्डॉर्फ' म्हटलं की महागडी फी आठवते, म्हणून हे मुद्दाम लिहिते आहे.

शेतीची व्याख्यानं ७ ते १६ जून १९२४ या काळात कोबरविट्झला झाली. तेव्हा ते जर्मनीत होतं, आज पोलंडमध्ये व्रोत्सवाफजवळ आहे, नाव कोबिएर्झित्से. काउंट कायझरलिंग यांच्या वाड्यावर शंभरावर माणसं जमली होती. तक्रारी आजच्यासारख्याच: बियाणं पूर्वीसारखं टिकत नाही, लसूणघास पूर्वी एका पेरणीत कितीतरी वर्षं चालायचा तो आता लवकर संपतो, जनावरं आजारी पडतात. हवेतला नत्र बांधून खत बनवणारे कारखाने नुकतेच जोरात आले होते.

तिथे स्टायनरने जे मांडलं त्यातलं शिंग सगळ्यांच्या लक्षात राहिलं. मला मात्र दुसऱ्या व्याख्यानातली कल्पना सगळ्यात मोठी वाटते. प्रत्येक शेत ही एक स्वतंत्र व्यक्ती आहे. तिचा चारा तिच्यात पिकावा, तो खाणारी जनावरं तिच्यात असावीत, त्यांचं शेण तिच्याच जमिनीत जावं. किती जनावरं? जमीन पोसू शकेल तेवढीच. बाहेरून खत आणावं लागत असेल तर ते आजारी शेताला दिलेलं औषध समजावं, रोजचं जेवण समजू नये.

अनुभवी मंडळींनी यात भर घालावी. विरोधही स्वागतार्ह.

---

कोरडवाहू

चांगला विषय. मी शेतकरी, त्यामुळे शिंगाच्या दाराने आलेला. शिंगखत (बीडी ५००; बीडी म्हणजे बायोडायनॅमिक, स्टायनरच्या शेतीपद्धतीचं नाव) करतो, शेणखड्ड्याचं सीपीपी (काऊ पॅट पिट) त्याहून जास्त करतो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी लिहितो.

शिंगखताला व्यालेल्या गाईचं शिंग लागतं, बैलाचं नको. आत दुभत्या गाईचं ताजं शेण दाबून भरायचं, सप्टेंबरअखेर-ऑक्टोबरात चांगल्या जमिनीत पुरायचं, फेब्रुवारी-मार्चमध्ये काढायचं. शेणाचा वास पूर्ण गेलेला असतो. हातात घेतलं तर काळपट, मऊ, जंगलातल्या पानाखालच्या मातीचा वास. एकरी साधारण २५ ग्रॅम, तेरा ते पंधरा लिटर पाण्यात. एक तास ढवळायचं: एका दिशेने फिरवत मधोमध खोल भोवरा पाडायचा, तो मोडायचा, उलट दिशेने पुन्हा भोवरा. मग संध्याकाळी, जमिनीत ओल असताना, झाडूने शिंतोडे मारत जायचं.

सीपीपी ही पुढे मारिया थुन या जर्मन बाईंनी बसवलेल्या पद्धतीची भारतीय आवृत्ती. तीन फूट बाय दोन फुटांचा, फूटभर खोल खड्डा, कडेने विटा, तळ उघडा. ६० किलो ताजं शेण, २०० ग्रॅम अंड्याच्या टरफलांची पूड, ३०० ग्रॅम काळ्या दगडाची भुकटी. हे पायाने चांगलं मळायचं, खड्ड्यात भरायचं, बोटाने भोकं पाडून त्यात ५०२ ते ५०६ ही वनस्पतींची द्रव्यं घालायची, वरून ५०७ शिंपडायचं, ओलं गोणपाट टाकायचं. अधूनमधून फावड्याने खालवर करायचं. तीन-चार महिन्यांत तयार. एकरी किलोभर पुरतं.

आता माझं मत. दगडाची भुकटी जर्मनीत विकत आणावी लागत असेल. आपली काळी जमीन मुळात बेसाल्ट झिजूनच झालेली आहे. ज्याच्या बांधावर काळा पाषाण पडला आहे त्याने भुकटीचं पाकीट मागवणं हे धागाकर्तींनी सांगितलेल्या 'शेत ही व्यक्ती' या कल्पनेच्याच उलट आहे. वनस्पतींचंही तेच. यारो, कॅमोमाइल, डँडेलियन, व्हॅलेरियन ही थंड हवेची झाडं. आमच्याकडे ती येत नाहीत, द्रव्यं डोंगराळ भागातून मागवावी लागतात. यारोची फुलं हरणाच्या मूत्राशयात भरायची असतात, ते तर आपल्याकडच्या वन्यजीव कायद्यामुळे मिळण्याचा प्रश्नच नाही. शेताने स्वतःच्या पायावर उभं राहावं म्हणायचं आणि पाकिटं मात्र बाहेरून घ्यायची, ही गाठ मला सुटत नाही.

---

रसायनी

मी मृदाशास्त्र शिकलो आहे. धागाकर्तींचा आदर ठेवून थोडं परखड लिहितो.

एकरी २५ ग्रॅम. त्यात नत्र, स्फुरद, पालाश मोजायला गेलात तर पिकाच्या गरजेपुढे ते शून्य. म्हणजे हे खत म्हणून काम करत नाही हे उघड आहे. 'शिंगातून वैश्विक शक्ती शेणात येतात' हे स्टायनरचं स्पष्टीकरण तपासताच येत नाही, कारण त्या शक्तीची मोजता येईल अशी एकही खूण त्याने दिलेली नाही.

पण शेतीपद्धती म्हणून याची तपासणी झाली आहे आणि ती सगळ्यांनी वाचावी अशी आहे. स्वित्झर्लंडमध्ये थेरविल इथे १९७८ पासून एक प्रयोग चालू आहे, 'डॉक' नावाने प्रसिद्ध. शेजारी शेजारी वाफे: बायोडायनॅमिक, सेंद्रिय आणि रासायनिक. २१ वर्षांचे निष्कर्ष २००२ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आले. बायोडायनॅमिक आणि सेंद्रिय वाफ्यांत उत्पादन सरासरी २० टक्के कमी. पण खतं आणि ऊर्जा ३४ ते ५३ टक्के कमी लागली आणि कीटकनाशकं-बुरशीनाशकं ९७ टक्के कमी. जमिनीतल्या सूक्ष्मजीवांचं वस्तुमान आणि त्यांची विविधता बायोडायनॅमिक वाफ्यांत सर्वांत चांगली.

इथे लगेच 'बघा, शिंग सिद्ध झालं' असं म्हणू नये. बायोडायनॅमिक वाफ्यांना नीट कुजवलेलं कंपोस्ट मिळत होतं, सेंद्रिय वाफ्यांना अर्धवट कुजलेलं शेणखत. त्यामुळे फरक कंपोस्टचा की द्रव्यांचा, हे त्यातून ठरत नाही. कंपोस्ट, जनावरं, फेरपालट, हिरवळीचं खत यांचा गुण पक्का. द्रव्यांचा स्वतंत्र गुण पक्का म्हणावा इतका पुरावा माझ्या पाहण्यात नाही.

---

पाणकळा

रसायनी, 'डॉक'बद्दल इतकं नेमकं लिहिल्याबद्दल आभार. तुमच्याशी माझा वाद नाही. उलट एक गोष्ट तुमच्या बाजूने सांगते. स्टायनरने कोबरविट्झला शेतकऱ्यांचं एक प्रयोगमंडळ स्थापन करायला लावलं. आपण सांगितलं ते आधी शेतात करून पाहा, खातरजमा होईपर्यंत बाहेर बोभाटा करू नका, असा त्याचा आग्रह होता. व्याख्यानांच्या प्रती अनेक वर्षं क्रमांक घालून मोजक्या लोकांनाच दिल्या जात. तो स्वतः तेव्हा आजारी होता. सप्टेंबर १९२४ नंतर तो व्याख्यानं देऊ शकला नाही आणि ३० मार्च १९२५ ला गेला. एकाही हंगामाचा निकाल त्याने पाहिला नाही. त्याच्या मागे आलेल्यांनी 'करून पाहा' हे वाक्य विसरून आठ व्याख्यानांचं धर्मपुस्तक केलं, हे मला फार खटकतं.

कोरडवाहू, तुमची गाठ खरी आहे आणि ती फक्त आपल्याकडची नाही. ब्राझील, इजिप्त, ऑस्ट्रेलिया, सगळीकडे मध्य युरोपातल्या कुरणातली फुलं न्यावी लागली. माझं मत तुमच्यासारखंच आहे: पाकीट आणि शेताचं स्वावलंबन यांत निवड करायची वेळ आली तर स्वावलंबन निवडावं. 'शेत ही व्यक्ती' सांगणारं दुसरं व्याख्यान, वनस्पतींची द्रव्यं सांगणाऱ्या पाचव्याच्या वर ठेवावं.

---

खडूफळा

मी वॉल्डॉर्फ पद्धतीच्या शाळेत शिकवते. शाळेची बाजू लिहिते, कारण 'परीक्षा नाहीत, खेळणी लाकडी' एवढ्यावर ही पद्धत कळत नाही.

सकाळचे पहिले दोन तास एकच विषय, तोही तीन-चार आठवडे सलग. मग तो विषय बाजूला ठेवायचा, विसरू द्यायचा, काही महिन्यांनी परत काढायचा. पाठ्यपुस्तक नसतं. मुलं स्वतःची वही बनवतात, शिक्षकाने सांगितलेलं चित्रांतून आणि स्वतःच्या वाक्यांतून त्यात उतरवतात. वर्षअखेरीस तेच त्यांचं पुस्तक. वर्गशिक्षक शक्यतो पहिली ते आठवी एकच. हे ऐकायला गोड वाटतं, करायला फार अवघड आहे. प्रत्येक वर्षी नवा अभ्यासक्रम स्वतः शिकावा लागतो आणि एखाद्या मुलाशी आपलं जमलं नाही तर पळवाट नाही, स्वतःलाच बदलावं लागतं.

शेताशी सांधा आहे तो तिसरीत. साधारण नवव्या वर्षी मुलात एक बदल होतो असं स्टायनर म्हणतो, आणि वर्गात उभं राहिलं की तो दिसतोही. तोवर मूल जगाशी एकजीव असतं. अचानक त्याला जाणवतं की मी वेगळा आहे. आई-बाबा कधीतरी मरणार का, असे प्रश्न याच वयात येतात. मुलं एकाएकी टीका करू लागतात, घाबरतात, काही एकटी बसतात. या मुलांना व्याख्यान देऊन उपयोग नसतो. त्यांना त्या वर्षी शेती आणि घरबांधणी शिकवतात. जमीन खणायची, पेरायचं, राखायचं, कापायचं, झोडपायचं, दळायचं आणि त्या पिठाची भाकरी स्वतः थापायची. जग आपल्यापासून वेगळं झालं असलं तरी आपल्या हातांनी त्यात जागा करता येते, हे मुलाला अंगातून कळतं. मोजमापंही त्याच वर्षी येतात, कारण आता ती खरोखर लागतात: वाफा किती हाताचा, धान्य किती शेर, पाणी किती बादल्या.

माझ्या वर्गात एक मुलगी होती, हाताला माती लागली की लगेच धुवायला पळायची. ज्वारीचं कणीस हातावर चोळून दाणे निघाले तेव्हा तिने ते ओंजळीत धरले आणि विचारलं, 'हे सगळे एकाच दाण्यातून आले?' आणि खाली बसून एकेक मोजायला लागली. त्या दिवशीचा गुणाकार मला वेगळा शिकवावा लागला नाही.

अडचणीही लिहिते. युरोपातल्या शाळा तिसरीत बायबलच्या जुन्या करारातल्या कथा सांगतात आणि वर्षाचे सण तिथल्या थंडी-वसंतावर बसवलेले. तो साचा जसाच्या तसा उचलणाऱ्या काही शाळा आहेत, ते मला बरोबर वाटत नाही. आपलं वर्ष पावसावर उभं आहे. मजा म्हणजे पाचवीच्या अभ्यासक्रमात प्राचीन भारत आहेच, जगभरच्या वॉल्डॉर्फ शाळांत मुलं त्या वर्षी रामायण-महाभारतातल्या गोष्टी ऐकतात. पुढे नववी-दहावीला बोर्डाची परीक्षा आली की सगळ्याच भारतीय शाळांना कुठेतरी तडजोड करावी लागते. आपल्याकडे हैदराबादची स्लोका १९९७ ची, मुंबईची त्रिधा २००० ची, म्हणजे आता या पद्धतीची एक पूर्ण पिढी बाहेर पडली आहे.

---

वाटसरू

वाचतो आहे. दोन प्रश्न, दोन्ही मनापासून. एक, स्टायनर थिऑसॉफीवाला होता ना? मग त्याचा आणि जे. कृष्णमूर्तींचा काही संबंध? दोन, त्याच्या लेखनात वंशांबद्दल भयंकर विधानं आहेत असं वाचलं. मुलांच्या शाळेचा पाया अशा माणसावर कसा ठेवायचा?

---

पाणकळा

पहिल्याचं उत्तर: संबंध आहे, आणि तो फुटीचा आहे. १९०२ पासून स्टायनर थिऑसॉफिकल सोसायटीच्या, म्हणजे सगळ्या धर्मांमागचं गूढ ज्ञान शोधणाऱ्या संस्थेच्या, जर्मन शाखेचा प्रमुख होता. ॲनी बेझंट आणि लेडबीटर या सोसायटीच्या पुढाऱ्यांनी कृष्णमूर्ती या मुलाला येणारा जगद्गुरू म्हणून पुढे आणलं, त्यासाठी 'ऑर्डर ऑफ द स्टार इन द ईस्ट' काढली. स्टायनरला हे अजिबात मान्य नव्हतं. १९१२-१३ मध्ये तो जर्मन शाखेतल्या बहुतेक सभासदांसह बाहेर पडला आणि त्याच्या स्वतःच्या विचाराची ॲन्थ्रॉपॉसॉफिकल सोसायटी उभी राहिली. पुढे १९२९ मध्ये हॉलंडमधल्या ओमेन इथे खुद्द कृष्णमूर्तींनीच ती ऑर्डर विसर्जित केली, आणि त्यांनीही शाळा काढल्या, झाडाझुडपांत, मोकळ्या जमिनीवर. एकाच वादाच्या दोन्ही टोकांना असलेली ही दोन माणसं अखेर मुलांकडे आणि मातीकडे आली, याचा मला नेहमी विचार पडतो. फरकही मोठा आहे. कृष्णमूर्ती कुठलीही पद्धत द्यायला नकार देतात, स्टायनर वयागणिक, इयत्तेगणिक पद्धत देतो.

दुसरा प्रश्न टाळण्यासारखा नाही. होय, अशी विधानं आहेत. मानवी वंशांची उतरंड लावणारी, काळ्या लोकांबद्दल, मूळ अमेरिकनांबद्दल, ज्यूंच्या वेगळ्या अस्तित्वाबद्दल. नेदरलँड्समध्ये ॲन्थ्रॉपॉसॉफिकल सोसायटीनेच नेमलेल्या एका आयोगाने त्याचं सगळं लेखन चाळलं आणि २००० सालच्या अहवालात १६ विधानं अशी काढली की ती आज कुणी केली तर तिथल्या कायद्याने गुन्हा ठरू शकेल. 'तो काळच तसा होता' म्हणून यावर पांघरूण घालू नये. त्याच काळात याच्या उलट बोलणारे लोकही होते.

नाझींच्या काळाचा हिशेबही सरळ नाही. ॲन्थ्रॉपॉसॉफिकल सोसायटीवर १९३५ मध्ये बंदी आली, श्टुटगार्टची शाळा १९३८ मध्ये बंद पाडली, १९४१ मध्ये बायोडायनॅमिक संघटनाही चिरडली. पण त्याच राजवटीत दाखाऊच्या छळछावणीला लागून कैद्यांच्या श्रमावर चालणारी औषधी वनस्पतींची बाग बायोडायनॅमिक पद्धतीने चालवली जात होती. दोन्ही गोष्टी एकत्र सांगितल्या तरच खरं सांगितल्यासारखं होतं.

मग पाया कशावर ठेवायचा? माझं उत्तर: त्याच्या दिव्यदृष्टीवर ठेवू नये. जे आपल्याला स्वतःच्या डोळ्यांनी पुन्हा पाहता येतं त्यावर ठेवावा. कोथिंबिरीची पानं पुन्हा पाहता येतात. नऊ वर्षांच्या मुलातला बदल पाहता येतो. वंशांची उतरंड कुणालाही कधी दिसली नाही, ती त्याने लादली.

---

खडूफळा

वाटसरू, शाळेच्या बाजूने एवढंच. ही विधानं शिक्षकांच्या प्रशिक्षणात उघडपणे वाचून, नाकारून पुढे जायला हवं. झाकून ठेवली तर ती झिरपतात. याला जोडून लसीकरणाचंही बोलायला हवं. युरोपात काही वॉल्डॉर्फ शाळांमध्ये गोवराच्या साथी झाल्या, कारण तिथल्या पालकांमध्ये लस न देण्याचं प्रमाण जास्त होतं. मुलाच्या वाढीचा आदर आणि लसीला विरोध यांचा एकमेकांशी काहीही संबंध नाही. कृपा करून पालकांनी मुलांना लसी वेळेवर द्याव्यात.

---

जुनाबांध

उशिरा आलो. इंदूरचा उल्लेख अजून कुणी कसा केला नाही?

१९२४ हे साल लक्षात ठेवा. जूनमध्ये कोबरविट्झची व्याख्यानं झाली आणि त्याच वर्षी इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड इंदूरला आले. तिथल्या वनस्पतिउद्योग संस्थेत त्यांनी १९३१ पर्यंत काम केलं आणि ढीग रचून, थर देऊन, खालवर करून कंपोस्ट करायची 'इंदूर पद्धत' जगाला दिली. काडीकचरा, शेण, गोठ्यातली मूत्राने भिजलेली माती, थोडी राख, सगळं इथल्याच शेतकऱ्याच्या अंगणातलं. हॉवर्ड हाडाचे प्रयोगवाले, स्टायनरचा गूढ भाग त्यांनी कधी स्वीकारला नाही. पण आरोग्य मातीतून पिकात, पिकातून जनावरात आणि माणसात जातं, या मुद्द्यावर दोघे वेगवेगळ्या वाटेने एकाच ठिकाणी पोचले. आजची सेंद्रिय चळवळ या दोन्ही ओढ्यांची आहे. पुढे १९९३ मध्ये न्यूझीलंडचे पीटर प्रॉक्टर बायोडायनॅमिक शिकवायला भारतात आले, तेही इंदूरकडच्या टी. जी. के. मेनन यांच्या बोलावण्यावरून.

शिक्षणाच्या बाजूला वर्धा विसरू नका. ऑक्टोबर १९३७ मध्ये गांधीजींच्या अध्यक्षतेखाली तिथे शिक्षण परिषद भरली, झाकिर हुसेन समिती नेमली गेली, नई तालीम उभी राहिली. तिथेही हाताचं काम हा शिक्षणाचा कणा. पण मला एक भेद महत्त्वाचा वाटतो. नई तालीममध्ये सूतकताई ही खरी उत्पादक असावी, शाळेचा खर्च त्यातून निघावा अशी अपेक्षा होती. वॉल्डॉर्फमध्ये विणकाम मुलाच्या हातासाठी आणि मनासाठी आहे, विणलेला पायमोजा विकायचा नाही. गरीब देशाच्या गरजेतून निघालेला विचार आणि उद्ध्वस्त झालेल्या उद्योगप्रधान देशातून निघालेला विचार, असा हा फरक आहे. आपण दोन्हींकडे पाहू शकतो हे आपलं भाग्य.

---

कोरडवाहू

जुनाबांध, उत्तम प्रतिसाद. नक्षत्रांचं विचारायचं राहिलं. मारिया थुन यांचं पेरणी पंचांग १९६३ पासून निघतं. त्यात मुळांचे, पानांचे, फुलांचे, फळांचे दिवस असतात. गावात लोक म्हणतात आपल्या मृग-आर्द्रासारखंच आहे हे. आहे का?

---

पाणकळा

नाही, आणि ही गल्लत बऱ्याच ठिकाणी होते. आपली पावसाची नक्षत्रं सूर्याची. सूर्य मृगात गेला की जूनचा पहिला आठवडा, म्हणजे मृग हा ऋतूचा दाखला आहे, त्यामागे पिढ्यांनी पाहिलेला पाऊस आहे. थुन यांचं पंचांग चंद्र कोणत्या राशीत आहे त्यावर चालतं आणि दर दोन-तीन दिवसांनी बदलतं: गाजर-मुळा एका दिवशी, पालेभाजी दुसऱ्या. पावसाने वाफसाच दिला नसेल आणि पंचांग म्हणतंय आज मुळांचा दिवस, तर जमिनीचं ऐकावं. हंगामाच्या पेरणीत दोन दिवस हातचे घालवणं कोरडवाहू शेतकऱ्याला परवडणारं नाही, हे तुम्हाला मी काय सांगणार.

एका उदाहरणाकडे लक्ष वेधते, कारण शेत आणि शाळा एकत्र कशी दिसतात ते तिथे स्वच्छ दिसतं. इजिप्तमध्ये कैरोच्या ईशान्येला वाळवंटात इब्राहिम अबूलेश यांनी १९७७ मध्ये 'सेकेम' सुरू केलं. आधी झाडांचा पट्टा, विहिरी, जनावरं, कंपोस्ट. मग औषधी वनस्पती, कापूस. त्याच आवारात बालवाडी, शाळा, दवाखाना, कामगारांसाठी कलावर्ग, आणि पुढे विद्यापीठ. २००३ मध्ये त्यांना राइट लाइव्हलीहूड पुरस्कार मिळाला. अबूलेश मुस्लिम, कामगार मुस्लिम, आणि स्टायनरचा विचार त्यांनी आपल्या धर्माच्या भाषेत, आपल्या वाळूत रुजवला. जर्मनीची नक्कल केली नाही. तिथे शेतीसाठी शाळा आहे की शाळेसाठी शेती, हे वेगळं काढता येत नाही.

---

रसायनी

सेकेमच्या बाबतीत सहमत. वाळूत सेंद्रिय कर्ब वाढवून दाखवणं हे मोठं काम आहे, त्याला वैश्विक शक्ती लागोत न लागोत.

कोरडवाहू, तुम्ही शिंगखत करताच आहात तर नीट तुलना करून बघा ना. एक सूचना. बहुतेक जण अर्ध्या शेतावर ५०० फवारतात, अर्धं कोरडं ठेवतात आणि फरक बघतात. त्याने काही कळत नाही. निदान आठ पट्टे पाडा, चिठ्ठ्या टाकून चार पट्टे ५०० चे ठरवा. उरलेल्या चार पट्ट्यांवर तेवढंच साधं पाणी, तेही तासभर तसाच भोवरा पाडत ढवळलेलं. बादल्यांवर फक्त अ आणि ब लिहा. फवारणाऱ्याला कुठलं काय ते माहीत नको.

---

कोरडवाहू

हे जमेल. रब्बी ज्वारीत करतो, कडेच्या ओळी सोडून. मोजायचं काय? उत्पादन तर मोजूच.

---

रसायनी

फुटाचा चौकोन, फूटभर खोल माती उकरून गांडुळं मोजा, प्रत्येक पट्ट्यात तीन ठिकाणी. काळ्या जमिनीत ती ओल संपली की खोल जातात, तेव्हा पेरणीनंतर लवकर मोजा, वाफसा असताना, सकाळी. मुळांची लांबी, आणि ढेकूळ पाण्यात टाकून ते किती वेळात विरघळतं तेही बघा. शेवटच्याला फक्त काचेचा पेला आणि घड्याळ लागतं.

---

खडूफळा

कोरडवाहू, तुमचं शेत आमच्या शाळेपासून फार लांब नसेल तर गांडुळं मोजायला माझी तिसरी घेऊन येऊ का? बादल्यांवरचं अ-ब मुलांनाही सांगायचं नाही. त्यांचे आकडे तुमच्या आकड्यांशेजारी इथे टाकू.

---

कोरडवाहू

या की. व्यक्तिगत निरोप पाठवतो. सकाळी आठच्या आत पोचा, उन्हं वर आली की गांडुळं खाली जातील. मुलांना जुने कपडे घाला, खुरपी माझ्याकडे आहेत.